पहिली फटफटी

घरांतील मुलगा अठरा वर्षांचा झाला, कीं एके दिवशीं जेवणाच्या पंगतीला तो हळूच विषय काढतो, "काका, मला मोटारसायकल हवी." आमच्याकडे गेल्या वर्षीं हाच प्रसंग आला. पुतण्याचें कॉलेज घरापासून दहा किलोमीटरांवर. दोन बसगाड्या बदलण्यांत त्याचा सकाळचा दीड तास जाई. तेव्हां मागणी अवाजवी नव्हती. परंतु त्याच्या मनांत भरलेली गाडी साडेतीनशे सी.सी.ची होती, आणि तें ऐकतांच माझ्या आईनें हातांतला घास ताटांत ठेवला. त्यास कारणही तसेंच होतें.

१९७९ सालीं, एकोणीस वर्षांचा असतांना, मीं एका मित्राची जड फटफटी चालवावयास घेतली होती. चढावर पुढची एस.टी. थांबली, म्हणून मीही थांबलों. पाय टेकावयास गेलों, तों जमीन पायाला लागेना. गाडी कलली, ती मला सांवरेना, आणि डाव्या घोट्यावर येऊन पडली. त्या वेळीं गाडीला वेग मुळींच नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तो घोटा अजून थंडींत दुखतो. आणि तीन महिने आईनें माझी जी शुश्रूषा केली, ती तिच्या स्मरणांतून गेलेली नाहीं.

म्हणून माझें मत असें, कीं पहिल्या गाडीची परीक्षा ती उभी असतांना करावी. दुकानांत प्रथम गाडीवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात कीं नाहीं, तें पाहावें. हीरो स्प्लेंडरची बैठक जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच असून वजन सुमारें ११२ किलो आहे. साडेतीनशे सी.सी.च्या गाड्यांचें वजन बहुधा १८० किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतें. नंतर इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलें मागें ढकलावी व मधल्या स्टँडवर चढवून पाहावी. हें ज्याला फारसे कष्ट न पडतां जमतें, त्याला ती गाडी पेलेल.

शहरांतील ये-जा करण्यास १०० ते १२५ सी.सी.चें इंजिन पुरेसें आहे. नवशिक्याच्या हातून क्लच चुकीच्या वेळीं सुटतोच. मोठी गाडी अशा वेळीं एकदम झेप घेते. लहान गाडी बहुधा हिसका देऊन बंद पडते, एवढेंच.

आतां खर्चाकडे वळूं. रोज वीस किलोमीटर, महिन्यांतून पंचवीस दिवस, म्हणजे पांचशे किलोमीटर झाले. लिटरला साठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सव्वाआठ लिटर पेट्रोल लागेल. पस्तीस चालणारीला चौदा लिटरांहून अधिक. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पांच वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा एकदमच उतरावा लागतो, तोही हिशेबांत धरावा.

जुनी गाडी घेण्यांत कमीपणा मानूं नये. पहिल्या वर्षीं ती एक-दोनदां पडणारच. मात्र चेसिसवरील क्रमांक नोंदणीच्या कागदाशीं ताडून पाहावा. इंजिन थंड असतांना आपण स्वतः सुरू करावें. निळसर धूर दिसल्यास तेल जळत आहे असें समजावें. नमुना २९ व ३० भरून गाडी आपल्या नांवावर झाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असें मानूं नये.

ब्रेकविषयीं एक गैरसमज रूढ आहे. पुढचा ब्रेक दाबला कीं माणूस उलटतो, या भीतीनें पुष्कळ मुलें तो वापरीतच नाहींत. वास्तविक थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो व थांबविण्याचें अधिक काम तेंच करितें. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबण्याची संवय मोकळ्या मैदानांत करावी. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देतां येते. हे तीस दिवस खरोखरीच सरावांत घालवावे.

शिरस्त्राणाचे पैसे आधींच बाजूला काढून ठेवावे. जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह नसलेलें शिरस्त्राण विकण्यास बंदी आहे. रस्त्याकडेचें स्वस्त टोपलें डोकें वांचवीत नाहीं. मागें बसणारालाही तें हवेंच.

अखेरीस पुतण्यानें १०० सी.सी.ची जुनी गाडी पसंत केली. ती दारांत आली, तेव्हां आई काठी टेकीत ओट्यावर आली. तिनें गाडीचा रंग पाहिला नाहीं कीं दिवा पाहिला नाहीं. "बस बघूं तिच्यावर," एवढेंच ती म्हणाली. तो बसला. तिनें वांकून त्याचे दोन्ही पाय नीट न्याहाळले, आणि सुनेला म्हणाली, "जा, कुंकू घेऊन ये."