सामाईक पडद्याची मांडणी

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या पश्चिम तीरी वसलेले, रुक्मिणीचे माहेर म्हणून लोकस्मृतीत अढळ झालेले आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या उत्खननामुळे इतिहासाच्या दप्तरीही दाखल झालेले कौंडण्यपूर, 1803 च्या देवगावच्या तहानंतर, निजामाचा वऱ्हाड आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांच्या ऐन सरहद्दीवर आले. नदी ओलांडली की आजही वर्धा जिल्हा लागतो.

विजेच्या जाळ्याला या सरहद्दीशी कर्तव्य नाही. तिवशाच्या शिवारात पंप सुरू झाला की त्याचा भार ज्या जाळ्यावर पडतो, त्याच जाळ्यात अकोला जिल्ह्यातील पारसचे 250 मेगावॉटचे दोन संच वीज घालीत असतात. आणि मागणी व निर्मिती यांचा क्षणोक्षणी मेळ घालून वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या दरम्यान राखण्याच्या कामी राज्याच्या वाट्याची जोखीम वाहणारी कचेरी, म्हणजे राज्य भार प्रेषण केंद्र, ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोलीस आहे, तर विदर्भासाठी तिचे उपकेंद्र नागपुरास अंबाझरीला आहे. अशा कचेरीच्या नियंत्रण-दालनात प्रत्येक अभियंता आपापल्या संगणकावर निराळे काम करीत असता सर्वांची दृष्टी ज्या एका ठिकाणी मिळते, तो भिंतीवरचा मोठा पडदा होय. पूर्वी तेथे लहान लहान चौकटी जोडून केलेला, दिव्यांनी उजळणारा नकाशा असे. त्याची जागा आता एकास एक भिडवलेल्या पडद्यांनी घेतली आहे.

या पडद्याचे मोल 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेत कळले. ओहायो राज्यातील फर्स्ट एनर्जी कंपनीच्या नियंत्रण-कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुकाट बंद पडली, आणि झाडांना टेकून एकामागून एक वाहिन्या बंद पडत असताही तेथील माणसांना त्याची वार्ता लागली नाही; चार वाजून गेल्यावर अमेरिका व कॅनडातील सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी-मंडळाने अहवालात स्पष्ट नमूद केले की, इतर अनेक केंद्रांत असतो तसा वाहिन्यांचा भिंत-नकाशा या कक्षात नव्हता, आणि तो असता तर बिघाड कोठे झाला हे कदाचित नजरेस आले असते.

म्हणून भिंत माहितीने भरून टाकावी, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात 28 मार्च 1979 च्या पहाटे अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाले, आणि त्यांतले महत्त्वाचे कोणते हे निवडण्याची सोयच चालकांना नव्हती. माझे स्पष्ट मत असे की, पाहुण्यांना दिपवण्यासाठी रंगीबेरंगी चौकटींनी गच्च भरलेली भिंत ही कामकरी माणसांवर केलेली जबरदस्ती आहे. जे एकट्याच्या कामाचे ते त्याच्या मेजावर राहावे. वारंवारता, मुख्य वाहिन्या, मोठे संच आणि चालू बिघाड एवढेच, फिकट करड्या भूमीवर, सर्वांसमोर असावे, आणि भडक रंग केवळ संकटासाठी राखून ठेवावा.

अक्षराच्या आकारालाही हिशेब आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्याशी अक्षराच्या उंचीने कोनाच्या सुमारे 20 कला (म्हणजे अंशाचा एक तृतीयांश) व्यापाव्यात, असा संकेत आहे. म्हणजे 6 मीटरांवर बसणाऱ्यासाठी अक्षर 35 मिलिमीटर उंच हवे, आणि 10 मीटरांवर जवळजवळ 58. मागच्या रांगेला वाचता येत नसेल तर तो पडदा सामाईक म्हणता येत नाही. तो बैठकीच्या थेट समोर हवा, मान वळवावी लागेल असा बाजूला नको. खालची कड पुढच्या माणसाच्या डोक्याआड जाऊ नये, आणि खिडकीचे ऊन त्यावर पडू नये.

नियंत्रण-कक्षांसाठी सिद्ध झालेली 11064 क्रमांकाची आंतरराष्ट्रीय मानकमाला प्रथम कामाची छाननी करावयास सांगते आणि मग खोलीची आखणी. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती, पाणी, वाहतूक यांचे कक्ष उभे राहत आहेत. त्यांच्या निविदेत पडद्याचे माप लिहिण्यापूर्वी, कोण कोठे बसणार, तो काय ठरवणार आणि भिंतीवरचे चित्र बदलण्याचा अखत्यार प्रत्येक पाळीत कोणाकडे राहणार, हे त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना विचारून कागदावर उतरवले पाहिजे.