दुसऱ्याचे सुख आणि आपले चित्त
योग म्हटले की आसने आठवतात. पण पतंजलींच्या सुमारे १९५ योगसूत्रांपैकी आसनांच्या वाट्याला थेट तीनच येतात. सारा रोख चित्तावर आहे. पहिल्या पादातला चित्त प्रसन्न ठेवण्याचा एक उपाय तर डोळे मिटून करायचाच नाही: सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, सज्जनाच्या चांगुलपणाचा आनंद आणि दुर्वर्तनाबाबत उपेक्षा. श्वासाचे सूत्र यानंतर येते, आणि हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आपली तगमग बरीचशी माणसांमुळेच असते: सहकाऱ्याची बढती, मेहुण्याचा नवा फ्लॅट, व्हॉट्सॲपवरचा टोमणा. मोबाइल ही तुलना दिवसभर पेटती ठेवतो. सकाळी प्राणायाम करून माणूस दुपारी त्याच हेव्यात शिरला, तर श्वास बिचारा किती पुरणार?

उपेक्षा म्हणजे अन्यायाकडे पाठ फिरवणे, असा आक्षेप रास्त आहे. पण हे सूत्र चित्ताची मशागत सांगते, नागरिकाचे कर्तव्य रद्द करत नाही. तक्रार जरूर नोंदवावी. राग रात्रभर घोळवू नये. हे संन्याशांचे शास्त्र आहे, हा दुसरा आक्षेप मात्र या उपायाला लागू पडत नाही. गुहेत हेवा करायला शेजारी कुठून आणणार? हा उपाय गृहस्थालाच अधिक लागतो. अर्थात झोप उडवणारे नैराश्य असेल तर आधी डॉक्टर गाठावा. पतंजलींनीही चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांत व्याधी पहिली मोजली आहे.