बर्फाच्या मुलखात पाण्याची पाळी

लडाख म्हटले की बर्फ डोळ्यांपुढे येतो. बर्फ म्हणजे पाणीच, मग तिथे पाण्याला काय तोटा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. माझे गाव लोणी भापकर, बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातले. टँकरची वाट पाहणे आम्हाला नवे नाही. पण आमच्याकडेही याच्या चौपट पाऊस होतो. कारण मात्र दोन्हीकडे एकच. आमचे ढग सह्याद्री अडवतो, त्यांचे हिमालय अडवतो.

२०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. क्षेत्रफळ सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळपास चौपट. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या आत. एवढी माणसे तर आमच्या एका बारामती तालुक्यात मावून उरतील! लेह शहर साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक.

लेहकडे बौद्धांची वस्ती जास्त, कारगिलकडे शिया मुसलमानांची. प्रार्थनेची घरे निराळी, पण लडाखी, बाल्टी, पुरगी या बोल्या एकमेकींच्या बहिणी आहेत आणि त्यांचे नाते तिबेटीशी आहे. शेतात दोघांचेही पीक तेच : सातू, गहू, वाटाणा आणि बांधावर जर्दाळू. पूर्वेला चांगथांगच्या पठारावर चांगपा मेंढपाळ शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन फिरतात. आपल्या धनगर बांधवांसारखेच त्यांचे बिऱ्हाड पाठीवर. कडाक्याच्या थंडीत शेळीच्या अंगावर जी मऊ लव येते, तीच पश्मिना.

सिंधू नदी खोल दरीतून वाहते, शेते बहुतेक वरच्या अंगाला. त्यामुळे शेती चालते ती हिमनद्यांच्या ओढ्यांवर, पाट काढून. पाणी थोडे, म्हणून गाव एकाला 'चुर्पोन' नेमते. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो ठरवतो. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत पाटकरी हेच काम करीत आला आहे.

अडचण वेळेची असते. पेरणीला वसंतात पाणी हवे. उंचावरच्या हिमनद्या वितळतात भर उन्हाळ्यात. चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाजवळ सावलीत अडवून गोठवले. तो बर्फ पेरणीच्या वेळी वितळतो. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून बर्फाचे शंकूसारखे स्तूप उभारले. शंकूला ऊन कमी लागते, म्हणून बर्फ जास्त दिवस टिकतो.

लडाख पर्यटकांना खुला झाला १९७४ मध्ये. २००९ मध्ये 'थ्री इडियट्स'ने पँगाँग सरोवर घराघरांत पोचवले आणि ओघ वाढतच गेला. आज पर्यटन आणि लष्कराची कामे यांवर अनेक घरांची चूल पेटते. हा पैसा नको, असे कोणी म्हणू नये; तरुणांना गावाजवळ रोजगार मिळाला. पण जिथे माती टाकून खत करणारे कोरडे संडास होते, तिथे हॉटेलांत फ्लश आले, शॉवर आले. त्यांसाठी बोअरवेल आल्या. आणि बोअरवेलला चुर्पोन नसतो. पाटातले पाणी सर्वांना दिसते, म्हणून वाटून घेता येते. जमिनीखालचे ज्याची मोटार मोठी त्याचे. वर हिमनद्याही आटत चालल्या आहेत.

हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. लोणीच्या मल्लिकार्जुन मंदिराजवळ दगडी पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्यांवर उभे राहिले की पाणी किती उरले ते गावाला दिसे. शिवारातल्या बोअरमध्ये किती उरले, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. लडाखला जाणाऱ्याने तिथे बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी, एवढे तर आपल्या हातात आहे. आम्हा जिरायत भागातल्या माणसांना त्याची सवय आहेच. त्याहून अवघड काम दोन्हीकडे बाकी आहे : जमिनीखालच्या पाण्याचीही पाळी लावायची.