कोमोरोसला जायचं? आधी हिशेबाची वही काढा

गटाच्या सहली आपण काढतोच. पंढरपूर झालं, अष्टविनायक झालं, कोकण झालं. आता आपल्या लेकी-सुना कमावत्या झाल्या आहेत. "आई, मी परदेश बघून येते" असं म्हणतात, कधी आईलाही सोबत चल म्हणतात. दुबईला किंवा थायलंडला गेलं तर गाईड, गाडी, आपलं जेवण सगळं हाताशी असतं. पण जिथे पर्यटक फारसे जातच नाहीत, अशा बेटांच्या देशात बेताच्या पैशात जायचं तर काय बघावं? आज आपण एकच देश घेऊ, कोमोरोस. म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

नकाशा उघडा. आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि मादागास्कर यांच्या मधे, हिंदी महासागरात हा देश आहे. मोठी बेटं तीन: ग्रांद कोमोर, आंजुआं आणि मोहेली. राजधानी मोरोनी ग्रांद कोमोरवर आहे. 1975 साली हा देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. शेजारचं मायोत हे चौथं बेट मात्र फ्रान्सकडेच राहिलं. तिथे जायला वेगळा व्हिसा लागतो, म्हणून "जवळच आहे, जाऊन येऊ" असं मनात आणू नका. नारळ, लवंग, व्हॅनिला आणि अत्तराला लागणारी इलांग-इलांगची फुलं हे तिथलं पीक. लोक साधे, पाहुण्याला मानणारे. पण दवाखाने, बँका, बोटी सगळंच बेताचं.

म्हणून पहिलाच नियम सांगून ठेवतो. अशा देशात खोलीत आणि जेवणात काटकसर चालते. परतीची वाट, औषधपाणी आणि बोट यांत काटकसर करायची नाही.

कधी जावं? मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि वादळं. 2019 च्या एप्रिलमध्ये केनेथ नावाचं चक्रीवादळ तिथे आलं होतं, 2024 च्या डिसेंबरमध्ये चिडो आलं. रमजानचा महिनाही बघून घ्या. तेव्हा दिवसा खाणावळी बंद असतात आणि चारचौघांत खाणं-पिणं बरं दिसत नाही.

आता कागदपत्रं. भारतातून थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दार-ए-सलामला विमान बदलावं लागतं. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. मुंबईपासून मोरोनीपर्यंत एकच तिकीट असलं, तर पुढच्या विमानात बसवणं ही विमान कंपनीची जबाबदारी राहते. व्हिसा तिथल्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, त्याचे पैसे युरोमध्ये रोख जवळ ठेवा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत सोबत हवी.

एक गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनिया आणि इथिओपिया हे या तापाचे देश आहेत. तिथून भारतात परतताना लसीचा दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. नुसतं विमान बदललं, विमानतळाबाहेर पाऊलही टाकलं नाही, तर सूट मिळू शकते. पण तो निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा. त्यापेक्षा लस घेतलेली बरी. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. गरोदर बाई, साठीच्या पुढच्या बायका आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

कोमोरोसमध्ये मलेरिया आहे. कोणत्या गोळ्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. मच्छरदाणी आणि डासांचं मलम घरूनच न्या. 2024 साली तिथे कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. ग्रांद कोमोरची जमीन लाव्हाची, पाणी मुरून जातं, बारमाही ओढे नाहीत. पुष्कळ घरं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. पाणी उकळून किंवा बाटलीबंदच प्या. रोजची औषधं असतील तर पूर्ण मुक्कामाची आणि वर आठवड्याची जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पैशांचं काय? तिथे कार्ड फारसं चालत नाही, एटीएम मोजकी. युरोच्या नोटा बँकेतून किंवा परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्या, आणि छोट्या नोटा मागा. तिथलं चलन कोमोरियन फ्रँक, 1 युरोला सुमारे 492. हिशेब सोपा: 500 फ्रँक म्हणजे साधारण 1 युरो. कुणी 10,000 फ्रँक सांगितले तर घाबरू नका, ते 20 युरो झाले. सगळे पैसे एका पाकिटात ठेवू नका.

राहायला महागडं हॉटेल नको. कुटुंबानं चालवलेलं अतिथीगृह बाईमाणसाला जास्त बरं. मोहेलीवर इत्सामिया नावाचं गाव आहे, तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि गावकरीच त्यांची राखण करतात. आपल्या रत्नागिरीतल्या वेळासची आठवण येईल. अशा गावात राहिलं की पैसा गावाकडेच जातो आणि आपल्यावर चार घरांची नजर राहते. तांदूळ, मासे, नारळ, केळी भरपूर. शाकाहारी असाल तर चिवडा, लाडू, चटणी सोबत बांधा.

देश मुस्लिम आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, साडी किंवा सलवार-कुडता उत्तम. ओढणी जवळ ठेवा. बायका चेहऱ्याला चंदनाचा लेप लावून बाजारात येतात, फार सुंदर दिसतं ते. फोटो मात्र विचारून काढा. तिथे फ्रेंच आणि कोमोरियन बोलतात, इंग्रजी थोड्यांनाच येतं. "मराहाबा" म्हणजे धन्यवाद, एवढं पाठ करा. आणि ऐका, ग्रांद कोमोरवर घर बायकोच्या नावाचं असतं, नवरा तिच्या घरी राहायला येतो. सातबाऱ्यावर नाव लावायला झटणाऱ्या आपल्याला यावर बोलायला आवडेल.

अंधार पडल्यावर एकटीनं फिरू नका. मोर्चा, गर्दी दिसली की वाट बदला. 2024 च्या जानेवारीत निवडणुकीनंतर मोरोनीत दंगा होऊन संचारबंदी लागली होती.

आता बोट. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर स्वस्तात नेणाऱ्या छोट्या, उघड्या, माणसांनी भरलेल्या होड्या असतात. अशा होड्यांतून मायोतकडे जाताना कितीतरी माणसं बुडाली आहेत. लाइफ जॅकेट नसेल, समुद्र खवळलेला असेल, तर चढायचं नाही, मग भाडं कितीही कमी असो. विमान आहे का ते विचारा. आणि परतीच्या विमानाच्या निदान दोन दिवस आधी ग्रांद कोमोरवर येऊन थांबा.

आता वही काढा आणि सहा रकाने पाडा. तिकीट. व्हिसा, लस आणि विमा. राहणं-जेवण. बेटांवरचा प्रवास. वाटाड्या आणि किरकोळ. सहावा रकाना राखीव. गटात आपण सगळी बचत कर्जात वाटून टाकत नाही, तसंच हे. बोट रद्द झाली तर जास्तीचे तीन मुक्काम आणि एक विमानभाडं यात बसलं पाहिजे. विमा घेताना "आजारी पडल्यास दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च मिळेल का?" हे लेखी विचारा, कारण मोठा आजार तिथे निभत नाही. बेरीज आवाक्याबाहेर गेली तर एक बेट कमी करा, चार दिवस कमी करा. सहाव्या रकान्याला हात लावू नका.

कोमोरोसचं काम मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो इथला आपला दूतावास बघतो. त्याचा फोन नंबर, पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद आणि रोजच्या मुक्कामाची यादी घरी एका माणसाकडे द्या. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता करणार तेही ठरवा. दोन ठरलेले फोन चुकले तर त्या माणसानं कुणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर लिहा. घरच्यांची काळजी "काही होत नाही हो" म्हणून जात नाही, असा कागद हातात पडला की बरीच हलकी होते.

पुढच्या बैठकीत एक करा. कुणी जावो न जावो, गटानं मिळून ही वही एकदा भरून बघा. हीच पद्धत लक्षद्वीपला चालेल, अंदमानलाही चालेल. काही अडलं तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.