तीन दातांवर ठेवलेलं नाव: लेसोथोसॉरसची गोष्ट

डायनोसॉर म्हटलं की डोळ्यांसमोर आधी टी-रेक्स येतो. आजचा गडी मात्र जेमतेम दोन मीटर लांब, आणि त्यातही बरीचशी शेपूटच. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात लेसोथो नावाचा छोटा देश आहे. तिथे हा साधारण १९-२० कोटी वर्षांपूर्वी दोन पायांवर पळायचा.

पळायचा हे कशावरून? नडगीचं हाड मांडीच्या हाडापेक्षा लांब, हाडं आतून पोकळ, पुढचे हात तोकडे. डोळे मोठे. गालाकडचे दात पानाच्या आकाराचे, कडेला दातेरी, म्हणजे पाला ओरबाडायला बरे. पण जबडा मुख्यतः वर-खाली हलायचा, त्यामुळे गाई-म्हशींसारखं दळत बसणं काही याला जमत नसावं. खालच्या जबड्याच्या टोकाला एक जादा हाड आहे, प्रीडेंटरी. हे हाड आणि मागे वळलेलं प्यूबिस दिसलं, की प्राणी ऑर्निथिस्किया गटातला.

ऑर्निथिस्किया म्हणजे 'पक्ष्यासारखा कटिभाग' असलेले. हे नाव हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये सुचवलं. गंमत अशी, की पक्षी आले ते दुसऱ्याच, सरड्यासारखा कटिभाग असलेल्या गटातून! नाव तेच राहिलं. जुन्या कोडमधलं चुकीचं व्हेरिएबल नेम कुणी बदलत नाही, तसंच.

आता खरा गोंधळ. १९६४ मध्ये गिन्सबर्ग यांनी जबड्याच्या एका तुकड्यावरून 'फॅब्रोसॉरस' हे नाव दिलं. दात किती? तीन! पुढे थलबॉर्न यांनी याच भागातल्या चांगल्या सांगाड्यांचं वर्णन त्याच नावाखाली केलं. पण तसे दात इतरांचेही असू शकतात, मग ओळख पटवायची कशी? म्हणून १९७८ मध्ये गॅल्टन यांनी त्या सांगाड्यांना लेसोथोसॉरस हे वेगळं नाव दिलं. २००५ मध्ये तिथलेच मोठे सांगाडे 'स्टॉर्मबर्गिया' ठरले. २०१७ च्या अभ्यासाने सांगितलं, अहो, हा तर वाढलेला लेसोथोसॉरसच! डुप्लिकेट एंट्री. मला हे पटतं, कारण लहान-मोठ्या वयाचे प्राणी दोन जाती समजले जाणं जीवाश्मांत नवं नाही.

कुळाचा वाद अजून चालूच आहे. काहींच्या मते हा ऑर्निथिस्कियाच्या मुळाशी बसतो. २००८ च्या एका विश्लेषणात मात्र तो स्टेगोसॉरसच्या चिलखती घराण्यात, अगदी सुरुवातीला आला. अंगावर चिलखताचं एकही हाड सापडलेलं नसताना!