एक ‘पॉवर’, फ्रेंचमध्ये किती?

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका प्रकाशीय उपकरणाचे इंग्रजी वर्णन फ्रेंचमध्ये करून पाठवायचे होते. शब्दकोशात ‘पॉवर’पुढे ‘प्युइसांस’ दिसले आणि आम्ही सगळीकडे तेच घातले. मसुदा तपासणाऱ्या फ्रेंच सहकाऱ्याने पहिल्याच पानावर तीन लाल खुणा केल्या.

दिव्याची पॉवर, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, ही प्युइसांसच. ‘दहाचा तिसरा घात’ यातल्या घातालाही तोच शब्द चालतो. पण उपकरणाला वीज पुरवणारा ‘पॉवर सप्लाय’ म्हणजे ‘अलिमांतासियों’. या शब्दाचा साधा अर्थ खाऊ घालणे! डायॉप्टरमध्ये मोजली जाणारी भिंगाची पॉवर म्हणजे ‘व्हेर्जांस’, आणि जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याची क्षमता म्हणजे ‘पुव्हार’. राजकीय सत्तेलाही पुव्हारच म्हणतात. मात्र जगातल्या ‘महासत्ता’ पुन्हा प्युइसांस. गंमत अशी की इंग्रजांनी ‘पॉवर’ हा शब्द घेतला तो जुन्या फ्रेंचमधूनच.

परिमाणे पाहिली की यातला बराच गुंता सुटतो. दिव्याच्या बाबतीत वॉट, भिंगाच्या बाबतीत एक भागिले मीटर, आणि घातांकाला एककच नाही. नाव एक असले तरी राशी निराळ्या आहेत.

जुने ग्रंथ वाचताना तर अधिकच जपावे लागते. सादी कार्नो यांच्या 1824 सालच्या उष्णता-इंजिनांवरील पुस्तकाच्या शीर्षकातच ‘प्युइसांस मोत्रीस’ आहे. पण त्यांनी ती मोजली ती वजन आणि ते जितके उंच उचलले ती उंची यांच्या गुणाकाराने. त्यात वेळ येतच नाही. म्हणजे आजच्या भाषेत ते कार्य झाले, शक्ती नव्हे. इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘मोटिव्ह पॉवर’ झाले आणि वाचक वॉटकडे वळला.

घोडासुद्धा सीमा ओलांडताना बदलतो. इंग्रजी अश्वशक्ती सुमारे 746 वॉट. फ्रेंच ‘शव्हाल-व्हापर’ म्हणजे 75 किलोग्रॅम वजन सेकंदात एक मीटर उचलणे, सुमारे 735.5 वॉट.

आणि आपण? पाठ्यपुस्तकात शक्ती म्हणजे पॉवर, ऊर्जा म्हणजे एनर्जी. पण मुंबईत अणुऊर्जेच्या कामात असलेली मंडळी राहतात ती अणुशक्तिनगरात. ‘शंभर वॉटचा दिवा तासाला किती शक्ती खातो?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर आधी त्याला उत्तराचे एकक विचारावे: वॉट की वॉट-तास?