श्रवणयंत्राची देखभाल, घरबसल्या

मुलांनी हौसेने वडिलांसाठी श्रवणयंत्र आणावे आणि सहा महिन्यांत ते डबीसकट कपाटात जावे, हे आपल्या परभणी जिल्ह्यात वारंवार दिसते. कारण विचारले तर ‘शिट्टी वाजते’, ‘नुसता गोंगाट ऐकू येतो’ अशी उत्तरे मिळतात. यंत्र बहुधा बिघडलेले नसते. त्याची पुन्हा जुळणी करावी लागते. पण त्यासाठी जिंतूर किंवा पालमहून ज्येष्ठांना शहरात न्यायचे, तर घरातील एकाचा दिवस मोडतो. फेरी लांबते आणि यंत्र कपाटातच राहते.

ही फेरी पुष्कळदा टाळता येते. ब्लूटूथची सोय असलेली अनेक डिजिटल यंत्रे मोबाइलमधील ॲपला जोडता येतात. मग श्रवणतज्ज्ञ आपल्या केंद्रात बसूनच, व्हिडिओ कॉलवर रुग्णाशी बोलत, यंत्राचा आवाज कमी-अधिक करतात. ही सोय प्रत्येक यंत्रात नसते. म्हणून खरेदीपूर्वीच ती विचारून घ्यावी. साध्या यंत्राची जुळणी दुरून होत नाही. पण ते कानात नीट बसले आहे का, नळी तुंबली आहे का, हे तज्ज्ञांना व्हिडिओवर पाहता येते.

कॉल करण्यापूर्वी घरीच काही गोष्टी तपासाव्यात. सेल नवा असल्यास त्यावरील रंगीत पट्टी काढून दोन-तीन मिनिटे थांबावे व मगच तो बसवावा; हवा लागल्यावरच तो कार्यरत होतो. यंत्राच्या तोंडाशी मळ साचला असेल तर सोबतच्या ब्रशने अलगद काढावा. यंत्र कोरड्या कापडाने पुसावे. पाणी वा स्पिरिट लावू नये. शिट्टी वाजत असेल तर कानातील साचा सैल आहे का, ते पाहावे.

कॉलच्या वेळी घरातील एकाने शेजारी बसावे. चेहऱ्यावर उजेड असावा आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. तक्रार नेमकी सांगावी: भांड्यांचा आवाज कानाला टोचतो, की नातवाचे बोलणे कळत नाही? ऐकू येत नसल्यास प्रश्न कागदावर लिहून दाखवावेत. तज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे, याची खात्री करावी.

काही बाबतींत मात्र प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. श्रवणक्षमतेची पहिली चाचणी, कानातील घट्ट मळ काढणे आणि साच्याचे माप घेणे दुरून होत नाही. कान दुखणे, वाहणे किंवा चक्कर येणे यांकडेही दुर्लक्ष करू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. तेथे विलंब महागात पडतो. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवर डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. यंत्राची जुळणी मात्र ज्या केंद्रातून ते घेतले, तेथूनच करून घ्यावी.

‘वय झाले, आता ऐकून काय करायचे?’ असे ज्येष्ठ म्हणतात. परंतु २०२० मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने, ज्यांवर उपाय करता येतो अशा स्मृतिभ्रंशाच्या कारणांत श्रवणऱ्हासाचा समावेश केला आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू संभाषणातून, मग माणसांतूनच दूर होत जातो. म्हणून कपाटातील डबी आज बाहेर काढावी, सेल बदलावा आणि केंद्राला फोन लावावा.